चाकावरच्या घराले वाट देऊ, पण ग्रामसभेले विचारून



या अंकात वनहक्क दाव्यांच्या बातम्यांसोबत एक नवी गोठ मांडतो आहोत. ही गोठ आहे चाकावरच्या घराची. शहरात त्याले कॅरॅव्हॅन म्हणतात. मोठी गाडी असते, नाहीतर गाडीच्या मागं जोडलेला डबा असतो. आत झोपायला पलंग, रांधायला गॅस, आंघोळीची जागा, संडास, पाण्याची टाकी. माणूस सुट्टी काढतो, बायको-लेकरं घेतो आणि हे घर घेऊन निघतो. जिथं मन लागलं तिथं मुक्काम करतो. अमेरिकेत, युरोपात लोक असे महिना-महिना फिरतात. आज जंगल, उद्या समुद्राचा किनारा.

आता हे आपल्याकडं येऊ घातलं आहे. महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केलं. त्यात कॅरॅव्हॅन गाड्या आहेत आणि कॅरॅव्हॅन पार्क आहेत. पार्क म्हणजे या गाड्या रात्री उभ्या करायची जागा, जिथं पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय असते. असं पार्क काढणाऱ्याला सरकार करात आणि शुल्कात सवलत देते. धोरणामागचा विचार असा, की जिथं हॉटेलं नाहीत, जिथं पक्कं बांधकाम करता येत नाही, अशा दूरच्या आणि सुंदर ठिकाणी पर्यटकाला मुक्काम करता यावा.

हे शेवटचं वाक्य दोनदा वाचा. जिथं पक्कं बांधकाम करता येत नाही, अशी सुंदर आणि दूरची जागा कोणती? डोंगर, नदीकाठ, तलावाचा काठ, जंगलाची कड. म्हणजे आपली गावं. म्हणून आम्ही म्हणतो, ही गोठ मुंबई-पुण्याची नाही, आपली आहे. आणि ती पार्क झाल्यावर नाही, आज बोलायची आहे.

रस्ता कुठून जाते?

अशा सहलीचा बेत कसा होते ते पाहा. शहरातला माणूस नकाशा काढतो. नागपूरकडून आला तर ताडोबा, पेंच. मग अमरावती, परतवाडा, घाट चढून चिखलदरा. तिथून सेमाडोह, कोलकास, हरिसाल, धारणी. दुसऱ्या अंगानं अकोट, पोपटखेड, नरनाळा किल्ला. पुढं लोणारचं सरोवर. मग कोकणात उतरून गणपतीपुळे, तारकर्लीचा समुद्र. नकाशावर ही एक सुंदर रेघ दिसते. पण त्या रेघेवर सेमाडोह म्हणजे कोणाचं तरी गाव आहे, सिपना नदी म्हणजे कोणाचं तरी पाणी आहे, हे नकाशात दिसत नाही. तारकर्लीचा किनारा म्हणजे तिथल्या मासेमाराची रापण ओढायची जागा आहे, हेही दिसत नाही.

आम्ही पाहुण्याच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो. कोरकू माणसाच्या दारी आलेला माणूस पाणी पिल्याशिवाय गेला असं होत नाही. होळीच्या दिवसांत आपण रस्त्यावर गाड्या थांबवतो, नाचतो, फगवा मागतो, आणि पाहुणा हसत फगवा देऊन पुढं जाते. आपल्याले जंगल आवडते तसं शहरातल्या लेकरालेही आवडू द्या. त्याले मोहाचं झाड कसं असते, सिपना श्रावणात कशी वाहते, हे पाहू द्या. प्रश्न पाहुण्याचा नाही. पाहुण्याला अंगणात गाडी लावायची परवानगी कोण देते, हा प्रश्न आहे. घरधनी देते, की घरधन्याला न विचारता दुसराच कोणी देते?

चाकावरची घरं आपणही पाहिली आहेत

राजेहो, चाकावरचं घर वऱ्हाडाले नवीन नाही. गाडी लोहार पिढ्यान्‌पिढ्या बैलगाडीत संसार घेऊन फिरले. विळे-कुऱ्हाडी करून दिल्या, गावाच्या कडेला मुक्काम केला, पुढं गेले. बंजाऱ्यांचे तांडे फिरले. फासेपारध्यांनी पालं ठोकली. त्यांच्यासाठी कोणी पार्क केलं नाही. उलट इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा करून फिरत्या जमातींवर जन्मापासून चोराचा शिक्का मारायची सोय केली. तो कायदा १९५२ मध्ये उठला, पण गावकडेला पाल दिसलं की आजही पहिला प्रश्न येतो, "कुठून आले? कधी जाता?" पैसेवाल्याचं घर चाकावर आलं की ते पर्यटन. गरिबाचं घर चाकावर आलं की तो संशय.

आपल्या लोकांचंच पाहा. पीक निघालं की काम संपते. मग एखादी पिकअप गाडी येते. तिच्यात बायको, लेकरं, जर्मनची भांडी, गोधड्या, पिठाचा डबा, कधी दोन कोंबड्या. असं घर निघते वीटभट्टीवर, नाहीतर सोंगणीला. तिथं ताडपत्री टाकून तीन-चार महिने काढते आणि होळीले परत येते. हीसुद्धा रस्त्याची सहलच झाली. फरक एवढाच, की त्या गाडीत संडास नाही, पाण्याची टाकी नाही, आणि लेकराची शाळा मागं राहते. ज्या सरकारला हौसेनं फिरणाऱ्या घरासाठी वीज-पाण्याची जागा सुचली, त्याले पोटासाठी फिरणाऱ्या घरासाठीही ती सुचली पाहिजे. ही मागणी आम्ही या निमित्तानं पुन्हा करतो. वीटभट्टीवर पाणी, संडास आणि लेकरांच्या शाळेची सोय आधी करा.

मापं दोन काऊन?

मेळघाट व्याघ्रप्रकल्प देशातल्या पहिल्या ९ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. १९७३-७४ पासून आपण "वाघासाठी" हा शब्द ऐकतो आहोत. वाघासाठी चराई बंद. वाघासाठी मोहाले जायची वाट बंद. वाघासाठी गाव उठवा.

बोरी, कोहा आणि कुंड ही गावं साधारण वीस-पंचवीस वर्षांआधी उठून अकोट तालुक्यात आली. पुढं आमोणा, बारुखेडा, धारगड, गुल्लरघाट, केलपाणी, नागरतास, सोमठाणा बुद्रुक, सोमठाणा खुर्द ही गावं उठली. कुटुंबामागं १० लाखांचा हिशेब होता. २०२१ मध्ये तो १५ लाख झाला. पैसा बँकेत आला आणि गेलाही, कारण ज्याच्या हाती कधी वर्षाचे वीस हजार राहिले नाहीत त्याले दहा लाख सांभाळायला कोणी शिकवलं नाही. जमीन, पाणी, दवाखाना, काम यासाठी पुनर्वसित लोकांनी किती अर्ज केले, किती वेळा उपोषणाला बसले, हे अकोटच्या लोकांना माहीत आहे. जानेवारी २०१९ मध्ये लोक परत आपल्या जुन्या जागी जंगलात गेले. तिथं वनविभाग आणि पोलिसांशी संघर्ष झाला, दोन्हीकडची माणसं जखमी झाली. सुखानं राहणारा माणूस थंडीच्या दिवसांत लेकरं घेऊन जंगलात परत जात नाही.

आता रेल्वेचं पाहा. अकोला-खांडवा मीटरगेज गाडी वानरोड, धुळघाट करत या जंगलातून जायची. गरिबाची गाडी होती. २०१७ च्या सुरुवातीपासून ती बंद आहे. रुंद रूळ टाकायचे तर जंगलातून टाकू नका, बाहेरून न्या, असं पत्र २०२१ मध्ये खुद्द तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी रेल्वेमंत्र्यांना लिहिलं. वाघासाठी रेल्वे बाहेरून न्यायला आमची ना नाही. पण त्याच २०२१ सालात, त्याच सरकारनं, पक्कं बांधकाम चालत नाही अशा जागी गाड्यांचे मुक्काम करायचं धोरण काढलं, हेही लक्षात ठेवा.

म्हणून आम्ही विचारतो, मापं दोन काऊन? कुडाच्या घरातली चूल वाघाले त्रास देते, आणि गाडीतला गॅस, दिवे, गाणी त्रास देत नाहीत? आपल्या दहा गाई जंगल खातात, आणि शनिवार-रविवारी घाटात लागलेली गाड्यांची रांग काहीच खात नाही? पावसाळ्यात चिखलदऱ्याच्या घाटात गाड्या अडकल्या की बाळंतीण बाईला परतवाड्याला नेणारी गाडीही त्याच रांगेत उभी राहते. घाटाजवळच्या गावाले हे समजावून सांगायची गरज नाही.

माप एकच ठेवा. जे वाघाले चालत नाही ते कोणालेच चालू नये. जे पाहुण्याला चालते ते घरधन्याले आधी चालावं.

कायदा काय म्हणते?

इथं थोडं लक्ष देऊन वाचा. ज्यायले वाचता येत नाही त्यायले वाचून दाखवा.

वनहक्क कायदा २००६ चा आहे. त्याच्या कलम ३(२) मध्ये वनजमीन गावाच्या कामासाठी वळवायची सोय आहे. अशी १३ कामं लिहिली आहेत. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, विजेच्या तारा, तलाव, पिण्याच्या पाण्याची योजना, रस्ता, समाजमंदिर अशी. प्रत्येक कामाला १ हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. या १३ मध्ये हॉटेल नाही, रिसॉर्ट नाही, कॅरॅव्हॅन पार्क नाही. कोणी आलं आणि म्हटलं, "ही तर गावाच्या विकासाची जागा, १३ कामातच बसते," तर त्याले यादी दाखवायला सांगा.

कलम ५ म्हणते, की जंगल, वन्यजीव, पाण्याचे स्रोत राखायचा अधिकार हक्कधारकांना आणि ग्रामसभेला आहे. त्यासाठी नियम ४(१)(ई) खाली गावाची समिती करता येते. ज्या गावानं ही समिती अजून केली नाही, त्यानं हा अंक हाती पडल्यावर पहिलं काम तेच करावं.

कलम ४(२) मध्ये आणखी एक गोष्ट आहे, ती उठलेल्या गावांनी खास ध्यानात ठेवावी. वन्यजीवांच्या अधिवासासाठी म्हणून ज्या जागेवरून हक्कधारकांना हलवलं, ती जागा पुढं राज्य सरकारनं, केंद्र सरकारनं किंवा कोणीही दुसऱ्या वापरासाठी वळवायची नाही. म्हणजे आपलं गाव वाघासाठी उठलं असेल तर तिथं वाघच राहिला पाहिजे. आपल्या मुठवा देवाच्या जागेशेजारी उद्या गाड्यांचा तळ पडला, तर तो दुसराच वापर झाला, असं आमचं म्हणणं आहे, आणि ते आम्ही लेखी मांडणार आहोत.

आता दुसरी बाजू. २०२३ मध्ये वन संवर्धन कायदा बदलला. त्यात असं घातलं, की वनविभागाच्या मंजूर आराखड्यातल्या निसर्ग पर्यटनाच्या सोयी, सफारी, प्राणिसंग्रहालय ही कामं आता "वनेतर" मानायची नाहीत. शाळेची एक खोली जंगलात बांधायची तर फायलीला पाय फुटत नाहीत, आणि पर्यटनाच्या सोयीला दार उघडं झालं. पण घाबरू नका. त्या बदलानं वनहक्क कायदा रद्द झाला नाही. सामूहिक वनहक्क ज्या जंगलावर आहे, तिथं ग्रामसभा अजून उभी आहे.

चिखलदरा आणि धारणी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथं १९९६ चा पेसा कायदा आणि त्याचे राज्याचे २०१४ चे नियम लागू आहेत. अकोला जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र नाही, म्हणून अकोटकडच्या पुनर्वसित गावांना पेसाचा आधार नाही. त्यांनी वनहक्क कायद्याचा आणि पुनर्वसनाच्या कागदांचा आधार घट्ट धरावा. कोणता कागद आपल्या हाताशी आहे, हे माहीत असल्याशिवाय बोलायला उभं राहू नये.

"पण आमच्या पोट्ट्यायले काम मिळन नं?"

हा प्रश्न बैठकीत हमखास येतो, आणि तो खरा आहे. बारावी झालेली पोरं घरी बसली आहेत. आम्हीही त्यातलेच. काम आलं तर आम्हाला नको आहे असं नाही. पण कोणतं काम, ते विचारा.

कोकणात २०२० साली सरकारनं समुद्रकिनाऱ्यावर चौपाटी कुटी म्हणजे बीच शॅकचं धोरण आणलं. सुरुवातीला ८ किनारे निवडले. त्यात अट घातली, की ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्यायच्या. अट चांगली आहे. पण नोकरी देणारा वेगळा आणि नोकरी करणारा वेगळा. नोकरी आज आहे, उद्या मालकाच्या मनावर आहे. आपल्या जागेवर आपण झाडू मारायचा आणि गल्ला दुसऱ्यानं मोजायचा, यालाच रोजगार म्हणायचं का?

दुसरं उदाहरण आपल्याच तालुक्यातलं आहे. पायविहीर. या गावानं २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. उजाड जंगल राखलं, रोपं लावली, पाणी अडवलं. सीताफळ आणि तेंदूपत्ता ग्रामसभेनं स्वतः विकला. २०१४ मध्ये त्या कामाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आधी हक्क आला, मग जंगल आलं, मग पैसा आला, मग पाहायला पाहुणे आले. हा क्रम ध्यानात ठेवा. पाहुणे आधी आणले आणि हक्क मागं ठेवला, तर आपल्या वाट्याला गेटवरची ड्युटी येते, गेट येत नाही.

मोकळी जागा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या एका गावात दोन माणसं आली. रस्त्याच्या कडेची सपाट जागा पाहिली, फोनवर फोटो काढले, टेप लावून मापली. कोणत्या खात्याचे, कोणत्या कंपनीचे, काही सांगितलं नाही. एका म्हाताऱ्या बाबाला विचारलं, "ही मोकळी जागा कोणाची?" बाबा म्हणाले, "मोकळी नाही जी. आता ढोरं सावलीले गेले म्हणून तुमाले मोकळी दिसते."

खरंच आहे. त्या जागेवर मार्चमध्ये मोह वाळतो, मे महिन्यात तेंदूच्या पानांची फळी लागते, पावसाळ्यात ढोरं बसतात, लग्नात मांडव पडते. वर्षाचे बारा महिने ती जागा कामात आहे. फक्त सातबाऱ्यावर ती कोणाच्या नावानं नाही. आपली अशी जागा प्रत्येक गावात आहे. कागदावर जी लिहिलेली नाही ती मोकळी, असा सरकारचा आणि कंपनीचा हिशेब असते. म्हणून ती कागदावर आणा. सामूहिक दाव्याच्या नकाशात मोह वाळवायची जागा, फळीची जागा, ढोरं बसायची जागा, देवाची जागा, सगळी नावानिशी लिहा. दावा मंजूर झाला असेल तर तिचा फलक लावा.

ठरावात काय लिहायचं?

गावोगावच्या बैठकांत जे बोलणं झालं, त्यावरून आम्ही हे मुद्दे काढले आहेत. आपापल्या गावाप्रमाणं कमी-जास्त करा.

१. गावाच्या हद्दीत, सामूहिक वनहक्काच्या जंगलात किंवा गायरानात कॅरॅव्हॅन पार्क, तंबूचा तळ, गाड्यांचा मुक्काम, यातलं काहीही ग्रामसभेच्या लेखी ठरावाशिवाय चालणार नाही. सरपंच किंवा सचिवाची एकट्याची सही म्हणजे ठराव नव्हे.

२. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर पाहिजेत, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत. पाणी बाया भरतात, म्हणून पाण्याचा प्रश्न आधी त्यांनी बोलायचा.

३. पाणी कोणत्या विहिरीचं, कोणत्या नळाचं, किती, हे आधी सांगावं. उन्हाळ्यात ज्या गावात टँकर येते तिथं पाहुण्याच्या टाकीत गावाचं पाणी जाणार नाही.

४. गाडीतल्या संडासाची टाकी कुठं रिकामी होणार, ते लिहून द्यावं. नदीत, नाल्यात, झऱ्याजवळ नाही. सिपना, खापरा, गडगा या नद्यांचं पाणी खाली आपलीच माणसं आणि ढोरं पितात.

५. रात्री दिवे, भोंगे, गाणी बंद. जंगल आपलं जसं, तसं जनावराचंही आहे.

६. जिथं मुक्काम देणं गावाले पटते तिथं जागा ग्रामसभेची, भाडं ग्रामसभेच्या खात्यात, हिशेब चावडीवर लावलेला. बाहेरच्या ठेकेदाराला जागा वर्षांच्या करारानं द्यायची नाही.

७. घरात, गोठ्यात, देवाच्या जागी, मरणाच्या जागी विचारल्याशिवाय फोटो काढायचे नाहीत. आपण प्रदर्शन नाही.

ठरावाची एक प्रत वनहक्क समितीत ठेवा, एक तहसीलला द्या, एक वनपरिक्षेत्र कार्यालयात द्या, आणि प्रत्येकावर पोचचा शिक्का घ्या. पोच नसलेला कागद म्हणजे न दिलेला कागद.

काही लोक म्हणतील, अजून एकही अशी गाडी आपल्या गावात मुक्कामाला आली नाही, मग एवढी घाई काऊन? कारण आपला अनुभव तसा आहे. अभयारण्याची रेघ आधी कागदावर पडली, आपल्याले नंतर कळली. गावं आधी यादीत गेली, ग्रामसभा नंतर भरल्या. यावेळी कागद आपला आधी पाहिजे.

होळीले आपण गाडी थांबवतो तेव्हा आपण रस्ता बंद करत नाही. थांब, आमच्यासोबत नाच, फगवा दे, आणि मग जा, एवढंच म्हणतो. त्या दिवशी कोणाच्या हद्दीतून रस्ता जाते, हे गाडीवाल्यालेही समजते. ते वर्षभर समजलं पाहिजे, एवढीच आपली मागणी आहे.

येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. ठराव झाला की त्याची नक्कल या पत्रिकेकडं पाठवा. पुढच्या अंकात गावांची नावं छापू.

जंगल-जमीन कोणाची? आमची, आमच्या ग्रामसभेची!
जिंदाबाद!